बाहुलीचं माप

माझा धाकटा भाऊ डोळे बनवतो. म्हणजे ज्याचा एक डोळा गेला आहे त्याला दुसऱ्यासारखा दिसणारा नकली डोळा. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग नकळत स्वतःच्या पापणीला हात लावतात. बहुतेकांना वाटतं, खोकाभर गोट्या ठेवलेल्या असतील, त्यातली जवळपासच्या रंगाची उचलायची आणि द्यायची बसवून. तसं करणारेही आहेत. त्यांच्याकडचे डोळे लावून माणसं आमच्या दारात येतात तेव्हा मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.

धाकटा समोर माणूस बसवतो, त्याच्या शाबूत डोळ्यात चार-पाच दिवस बघत राहतो आणि नखाएवढ्या चकतीवर तो डोळा रंगवतो. काळा डोळा काळा नसतो हे मला त्याच्यामुळे कळलं. त्यात तपकिरी असतं, शेवाळी असतं, कडेला धुरकट राखाडी असतं, आणि कुठेतरी एखादा सोनेरी कण असतो, जो त्या माणसाच्या आईनेही कधी पाहिलेला नसतो. पांढऱ्या भागावरच्या शिरांसाठी लाल रेशमाचा धागा लागतो, उसवून उसवून दिसेनासा होईल इतका बारीक केलेला. ते काम माझं. माझं वय अठ्ठावन्न, चष्म्याचा नंबर सांगण्यासारखा नाही, पण माझ्यासारखा धागा कुणी उसवून दाखवावा.

मी इथे आले होते चार दिवसांसाठी. त्याला आता अकरा वर्षं होत आली. गाडी धाकटा चालवत होता, शेजारी त्याची बायको होती, आणि वळणावर समोरून ट्रक आला. चूक त्याची नव्हती, असं ट्रकवाल्यानेसुद्धा लिहून दिलं. ती गेली, तो राहिला. डोक्याच्या मागे वीतभर जखम, बारा टाके. मी टेलिफोनच्या कचेरीतून रजा काढून आले, म्हटलं याला जरा उभा करते आणि जाते. उभा तो लगेच राहिला. कामालाही लागला. फक्त बोलायचा बंद झाला, म्हणजे कामापुरतं बोलायचा, आणि माणसाच्या चेहऱ्याकडे बघायचा बंद झाला. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं तर हा त्याच्या एका डोळ्यात बघून दोन शब्द बोलणार आणि मान खाली घालून चालायला लागणार. त्याच्या स्वतःच्या डोळ्यात कुणाला बघू द्यायचाच नाही. कामाच्या वेळी भिंग लावलेलं, एरवी नजर चपलेवर.

आणि त्याने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. साधा पाण्याचा पेला नाही. ताप आला तरी भिंत धरत धरत स्वयंपाकघरापर्यंत जाणार. मी समजत होते, मानी आहे, आमच्या वडिलांवर गेलाय.

अशा घरात, अपघाताला नऊ वर्षं झाल्यावर, ती आली. डावा डोळा गेलेला, त्यावर केसांची बट ओढून घेतलेली, आणि तोंडाचा पट्टा चालू. जिना किती छान आहे, माझ्या कुंडीतलं रोप किती छान आहे, बाहेर ऊन किती छान पडलंय. मी टेलिफोनवर तीस वर्षं माणसांची बडबड ऐकली आहे, पण ही बाई श्वास कधी घेते ते मला कळेना. मी चहा ठेवला तर म्हणाली, द्या हो, मी ओतते, आणि किटली उचलून तिने कपभर चहा कपाच्या शेजारी ओतला. गिऱ्हाइकांच्या भेटीच्या वेळा लिहायच्या माझ्या वहीवर. एक डोळा गेला की काय जवळ आणि काय लांब ते नीट कळत नाही, हे मला माहीत होतं, मी काही बोलणार नव्हते. पण ती इतकी घाबरली की स्वतःचा स्कार्फ काढून वही पुसायला लागली. माफी मागत राहिली, हसत राहिली, पुसत राहिली.

आतून धाकटा आला. किटली स्वतः न उचलता तिला म्हणाला, "किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवा. टेकल्याचं हाताला कळेल. मग ओता."

तिने तसं केलं. कप भरला. पहिल्यांदाच ती अर्धा मिनिट गप्प बसली.

आमच्या अर्जात एक रकाना आहे, डोळा कशाने गेला. मी विचारलं तर म्हणाली, "पडले." मी लिहिलं. मग ती म्हणाली, "नाही, खोडा. नवऱ्याने पेपरवेट फेकून मारलं. पडले ते नंतर." आणि हसली. आठ वर्षांचा संसार सोडून ती आता मावशीकडे राहत होती. धंद्याने केस कापणारी. मोठ्या रस्त्यावरच्या एका सलूनमध्ये तिची खिडकीजवळची खुर्ची होती. गिऱ्हाइकं तिच्यासाठी दोन-दोन तास थांबायची, असं तीच म्हणाली, आणि पुढे ते खरं निघालं. पण केस कापताना गिऱ्हाईक सारखं आरशात बघतं आणि आरशात दिसते कापणारी. मालकिणीने सांगितलं होतं, दोन्ही डोळे सारखे झाले की ये, दीड महिना तुझी खुर्ची राखून ठेवते, त्याच्यापुढे मला जमणार नाही.

मी तिचं नाव ठेवलं केसवाली. मनातल्या मनात, अर्थात.

आमची कामाची खोली लहान आहे. समोर उत्तरेची खिडकी, खिडकीकडे तोंड करून एक खुर्ची, आणि डाव्या हाताला दार. धाकट्याला ज्यांनी हे काम शिकवलं त्या म्हाताऱ्या मास्तरांचा एक नियम होता: डोळा मोजताना माणसाला खिडकीबाहेर बघायला लावायचं. माणूस स्वस्थ असला की बाहुली आपल्या मूळ मापावर येते, तेच माप रंगवायचं. बाहुली म्हणजे डोळ्याच्या मधला तो काळा ठिपका. उजेडात बारीक, अंधारात मोठी. नकली डोळ्यातली बाहुली बिचारी एकाच मापाची राहते, म्हणून ते माप चुकून चालत नाही. त्यासाठी आमच्याकडे एक कार्ड आहे, त्याच्यावर दोनपासून सहापर्यंत काळे ठिपके, अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने वाढत गेलेले. कार्ड गालाशी धरायचं आणि जुळणारा ठिपका बघायचा. बावीस वर्षांत धाकट्याचं माप चुकलं नव्हतं.

पहिल्या दिवशी केसवाली खिडकीकडे तोंड करून बसली आणि मी दारातून धागे घेऊन आत गेले. दार तिच्या गेलेल्या डोळ्याच्या बाजूला होतं. माझी चाहूल लागल्याबरोबर ती खुर्चीतच अंग चोरून बसली, हात डोक्यावर. मी तिथेच थबकले. धाकट्याने काही विचारलं नाही, सांगितलं नाही. उठला, तिला म्हणाला, "जरा उभ्या राहता?" आणि खुर्ची फिरवली. आता दार तिच्या समोर आलं, खिडकी उजव्या हाताला, शाबूत डोळ्याच्या बाजूला. उजेड तोच. धाकट्याने स्वतःचं स्टूल उचलून तिच्या पुढ्यात ठेवलं. त्या दिवसापासून मी आत जाण्याआधी धाग्याची डबी वाजवायला लागले.

खुर्ची फिरवली हे बरंच झालं. पण त्यामुळे एक गोष्ट झाली, जी आमच्या दोघांच्याही लक्षात आली नाही. खिडकीबाहेर बघण्याऐवजी ती आता धाकट्याकडे बघत होती.

ते दिवस मला नीट आठवत नाहीत, म्हणजे एकेकटे आठवत नाहीत. सगळे मिळून एकच लांबलचक दुपार झाल्यासारखी वाटते. खिडकीतून पांढरा, मऊ उजेड यायचा, त्यात माझे रेशमाचे धागे हलायचे. धाकट्याच्या कुंचल्याला तीन केस, तो चकतीवर टेकायचा आणि उचलायचा. बाहेरच्या खोलीत मला डुलकी लागायची आणि जागी व्हायचे तेव्हा आतलं काही बदललेलं नसायचं. तो तसाच तिच्या डोळ्यात बघत असायचा, ती तशीच त्याच्याकडे. पहिल्या दिवशी तिची बडबड अखंड चालली होती. दुसऱ्या दिवशी निम्म्यावर आली. तिसऱ्या दिवशी आल्या आल्या दोन वाक्यं बोलली आणि बसली. मला वाटलं, रुसली का काय. तिच्या आवाजाची सवय झाली होती, त्यामुळे ती शांतता मला झोपेतल्यासारखी वाटायची, कुणीतरी पाण्याखालून बघत असल्यासारखी. घड्याळाकडे बघावं तर तीन तास गेलेले.

रंगाचा थर वाळायला तासभर लागतो. तिसऱ्या दिवशी त्या तासात ती म्हणाली, "रागावणार नसाल तर एक विचारू? तुमचे केस कोण कापतं?"

"मी," मी बाहेरून म्हटलं.

"फार छान कापता हो ताई," ती सरळ खोटं बोलली. "फक्त कडा जरा सारख्या करू का?"

धाकटा नाही म्हणणार याची मला खात्री होती. जखमेचा व्रण कुणाला दिसू नये म्हणून नऊ वर्षं तो सलूनची पायरी चढला नव्हता. मी न्हाणीघरात स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापायचे, आणि लोक त्याला विचारायचे, मध्यंतरी आजारी होतात का? पण तो उठून बेसिनच्या आरशासमोर स्टुलावर बसला. तिने पर्समधून कात्री काढली. उघडली, मिटली, पुन्हा उघडली. डोळा गेल्यापासून तिने कात्री हातात धरली नव्हती. नुसती बरोबर घेऊन फिरत होती.

तिने केसांची एक बट बोटांत धरली, कात्री आधी स्वतःच्या बोटाला टेकवली आणि मग कापलं. पुन्हा बोटाला टेकवली, पुन्हा कापलं. किटलीच्या चोचीसारखंच ते. हळूहळू कात्रीला वेग आला. मग तिची बोटं व्रणावर आली आणि तिथे थांबली.

"गाडी मी चालवत होतो," धाकटा आरशात बघून म्हणाला. "मला तहान लागली होती. मी पाणी मागितलं. बाटली मागच्या सीटवर होती, ती घ्यायला तिने पट्टा काढला."

केसवालीने पुढची बट धरली. ती कापत राहिली. तो बोलत राहिला, आणि मी बाहेर हातात धागा घेऊन उभी. नऊ वर्षं त्याच्यासाठी सकाळ-संध्याकाळ रांधलं, कपडे धुतले, रात्री त्याच्या खोलीतला दिवा विझेपर्यंत झोपले नाही, आणि हे मला माहीत नव्हतं. पाणी मागितलं होतं. म्हणून त्यानंतर कधी कुणाकडे काही मागितलं नाही. कानामागून आली आणि तिखट झाली, असं माझ्या मनात आलं, खोटं कशाला बोलू. मग स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले. त्याने ते कुणाला तरी सांगितलं, एवढ्यानेच मला इतकं हलकं वाटत होतं की रागावण्यात काही दम राहिला नाही.

केस मात्र तिने असे कापले की व्रण दिसेना. माझा भाऊ दिसायला चांगला आहे हे मी विसरूनच गेले होते.

डोळा तयार झाला. तिने आमच्या आरशात बघितलं, आरशात तिच्या खांद्यामागे धाकटा उभा होता. डोळा इतका जुळला होता की मलाही क्षणभर कळेना, खरा कुठला. ती डोळा लावून गेली आणि पाचव्या दिवशी परत आली.

"मला कसं सांगावं कळत नाही," ती म्हणाली. "इथे बरोबर दिसतो. घरी आरशात बघितलं की हा डोळा दचकल्यासारखा वाटतो. काळा ठिपका मोठा दिसतो. मावशी म्हणते, एका डोळ्याने तू माझ्याकडे बघतेस आणि दुसऱ्याने भूत बघितल्यासारखी."

मी म्हटलं, मावशीच्या घरचा दिवा झगझगीत असेल. धाकट्याने तिला खुर्चीत बसवलं, कार्ड धरलं. साडेपाच. रंगवलेली बाहुली साडेपाच, खरी बाहुली साडेपाच. चूक कुठेच नाही. तरीही त्याने दुसरा डोळा करायला घेतला, पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तीन दिवस, पुन्हा तीच दुपार. दुसराही साडेपाचचाच झाला. आणि आठवड्याने ती पुन्हा दारात उभी. मालकिणीला दाखवायला गेली होती, मालकिणीने बघितलं आणि म्हणाली, अजून दहा दिवस थांबते.

दहा दिवस म्हणजे काय ते आम्हा तिघांनाही समजत होतं. तिच्या हातात दुसरं काही नव्हतं. ती खुर्ची गेली असती तर मावशीच्या मागच्या खोलीत बसून राहायचं, नाहीतर जिथून सुटून आली तिथे परत जायचं. नवऱ्याचे निरोप येत होते, असं ती एकदा चहा ओतता ओतता म्हणाली होती.

त्या दिवशी धाकटा रंग आणायला खाली गेला. मी सहज, म्हणजे मला प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची सवय आहे म्हणून, कार्ड उचललं आणि तिच्या गालाशी धरलं. चार. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. चार. पायऱ्यांवर पावलं वाजली, दारात धाकटा आला, आणि माझ्या नाकासमोर ती बाहुली उमलत गेली. साडेचार, पाच, साडेपाच. मी कार्ड खाली ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही न बोलता खोलीतून बाहेर आले.

ती गेल्यावर मला धीर धरवेना. तो कुंचले धूत होता.

"चार आहे," मी म्हटलं.

"काय?"

"तिची बाहुली. तू नसतोस तेव्हा चार. तू आलास की साडेपाच. बावीस वर्षांचा कारागीर तू, आणि एवढं तुला कळू नये? काखेत कळसा आणि गावाला वळसा."

त्याने नळ बंद केला नाही. "कळलंय मला," तो म्हणाला. "दुसराही परत आला तेव्हाच कळलं."

"मग?"

"बाहुली भीतीनेही मोठी होते, ताई."

मी त्याच्या स्टुलावर बसले.

"मास्तर खिडकीबाहेर बघायला लावायचे ते याच्यासाठीच. खुर्चीत बसलेला माणूस घाबरलेला असतो. आणि हिच्यापासून वीतभर अंतरावर एक पुरुष तासन् तास बसतो. एका पुरुषाने तिचं काय केलं ते तू लिहून घेतलंयस. दोनदा मी तिची भीती रंगवली आणि तिच्या हातात दिली. आणि मला वाटत होतं..." त्याने ते वाक्य तिथेच सोडलं.

"विचार तिला."

"कसं विचारू? खुर्चीत बसलेलं माणूस खरं सांगेल का? डोळा माझ्याकडूनच हवाय तिला." मग म्हणाला, "मी मास्तरांना फोन केलाय. ते करून देतील. तिला पत्र देतो."

मास्तर दुसऱ्या शहरात, आगगाडीने एक दिवसाच्या अंतरावर. ती तिकडे गेली असती तर डोळा मिळाला असता, खुर्ची मिळाली असती, आणि आमच्या जिन्यावर तिची पावलं पुन्हा वाजायचं काही कारण राहिलं नसतं. मी त्याला हे सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. रात्रभर मला एकच वाटत होतं, की त्याचंच बरोबर असेल तर? मी म्हातारी आहे, मला जे बघायचं होतं तेच मी बघितलं असेल. आठ वर्षं मार खाल्लेल्या बाईची बाहुली कशाने मोठी होते हे मला काय ठाऊक? आणि ती भीतीच असेल तर मी मात्र दारात उभी राहून खूश होत होते.

दोन दिवसांनी ती आली. त्याने पाकीट पुढे केलं. मास्तरांचा पत्ता, गाडीची वेळ, सगळं नीट लिहिलेलं. तिने पाकिटाकडे बघितलं, घेतलं नाही.

"तुम्हाला जमत नाही?"

"मास्तर जास्त चांगलं करतील."

"माझ्यात काही चूक आहे का? मी हलत होते का? मी आता अजिबात हलणार नाही. हे बघा, मी बोलणारही नाही, म्हणजे तशीही मी कमी बोलते आताशा, पण तुम्ही सांगाल तशी बसेन, खिडकीकडे तोंड करून बसले तरी चालेल, दाराचं मला काही वाटत नाही, खरंच सांगते..." तिचा तोंडाचा पट्टा पुन्हा सुरू झाला, पहिल्या दिवशीसारखा, हसत हसत. तिचे हात स्कार्फ पिळत होते.

धाकट्याने कपाळावरचं भिंग काढून टेबलावर ठेवलं. मान वर केली. नुसत्या डोळ्यात नाही, तो तिच्या सबंध चेहऱ्याकडे बघत होता.

"तुमची चूक नाही," तो म्हणाला. "तुमची बाहुली मला बघितलं की मोठी होते. मी नसलो की नेहमीची असते. ताईने मोजलंय. म्हणून माझं माप चुकलं, दोन्ही वेळा. मला एक विचारायचंय. नाही सांगितलंत तरी डोळा मिळेल, पत्र तुमचंच आहे. तुम्हाला माझी भीती वाटते का?"

त्याचा आवाज इतका लहान झाला होता की शेवटचे शब्द मला ओठांवरून कळले. नऊ वर्षांत माझ्या भावाने कुणाकडे काही मागितलं, तर ते एवढंच.

खिडकीतला उजेड हळूहळू खुर्चीच्या हातावरून खाली उतरला. मग ती बोलली, आणि ती हसत नव्हती.

"भीती वाटली की मी बोलते," ती म्हणाली. "त्या घरात मी सारखी बोलायचे. सकाळी उठल्यापासून. मी गप्प बसले की त्याला वाटायचं, ही मनात काहीतरी म्हणतेय. म्हणून मी हवा, पाणी, भाजी, काहीही बोलत राहायचे. आठ वर्षं बोलत राहिले. आत्ता बोलत होते ना, तशी." तिने स्कार्फ सोडला. "इथे मी तीन-तीन तास गप्प बसले. मला घरी गेल्यावर कळायचं, की आपण गप्प बसलो होतो. मी मावशीला सांगितलंही. म्हटलं, तिथे गेलं की मला बोलावंच लागत नाही."

धाकट्याने पाकीट टेबलावर ठेवलं.

तिने टेबलावरचं कार्ड उचललं. "बसा," म्हणाली, आणि आपल्या खुर्चीकडे बोट केलं. तो बसला. ती स्टुलावर बसली, कार्ड त्याच्या गालाशी धरलं आणि त्याच्या डोळ्यात बघायला लागली. त्याने नजर खाली घेतली, मग वर आणली, आणि तशीच ठेवली. बायको गेल्यापासून त्याने हे मलाही करू दिलं नव्हतं. डोळे भरून आले तरी त्याने ते मिटले नाहीत.

"ताई," ती जरा वेळाने म्हणाली, "तुम्ही या ना जरा. मला एका डोळ्याने नीट जुळवता येत नाही."

आता या वयात, या प्रसंगी, दोघांच्या मध्ये जाऊन उभं राहायचं म्हणजे काय ते मला विचारा. पण गेले. चष्मा नाकावर खाली ओढला आणि वाकून बघितलं. शेवटचा ठिपका सहाचा. त्याच्यापुढे कार्डावर काही नाही.

"कार्ड पुरत नाही," मी म्हटलं, आणि चहा ठेवायला आत निघून गेले.

तिसरा डोळा माझ्या मापाने झाला. मी मोजलं, धाकटा दाराबाहेर उभा राहिला, चार म्हणून ओरडून सांगितलं आणि मग त्याने रंगवलं. नवव्या दिवशी ती सलूनमध्ये गेली. मालकिणीने तिला खिडकीजवळच्या खुर्चीशी उभं केलं, आरशात दोन्ही डोळे बघितले आणि म्हणाली, दहाची वेळ घेतलेली बाई येऊन बसली आहे, लाग कामाला.

पुढचं काही परीकथेसारखं झालं नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. काडीमोड व्हायला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात ती मावशीकडेच राहिली आणि धाकटा रोज संध्याकाळी तिला सलूनपासून मावशीच्या दारापर्यंत पोचवून यायचा, तिच्या उजव्या बाजूने चालत. अजूनही कधी मागून भांडं पडलं की तिचे हात डोक्यावर जातात. अजूनही धाकटा गाडी चालवत नाही. ती या घरात राहायला आली त्या आठवड्यात मी माझं सामान बांधलं आणि माझ्या बंद घराचं कुलूप काढलं. दोघांनी थांबवलं, मी ऐकलं नाही. चार दिवसांसाठी आलेल्या माणसाने कधीतरी जावं. धागे उसवायला मात्र रोज येते.

परवा जरा लवकर आले. केसवाली नुकतीच कामावरून आली होती, बेसिनशी उभी राहून डोळा काढून धूत होती. तो तिने डबीत ठेवला आणि शेजारच्या डबीतून दुसरा काढून लावला. मी ओळखला. दुसऱ्या खेपेचा, साडेपाचचा, चुकलेला. तो तिने परत केलाच नव्हता.

"हा कशाला गं?" मी विचारलं. "हा जुळत नाही ना?"

"बाहेर नाही जुळत," ती म्हणाली.

आतल्या खोलीचं दार उघडून धाकटा बाहेर आला, हाताला रंग लागलेला, आणि ती त्याच्याकडे वळली. मी दोन्ही डोळे नीट बघून घेतले. मग माझी डबी उचलली आणि खिडकीशी जाऊन बसले, धागे बरेच राहिले होते.